कंट्रोलर काका आणि माझी जीप

ज्या माणसावर मी आयुष्यात सगळ्यात जास्त जळले, त्याला कॉम्प्युटर नीट बंदसुद्धा करता येत नव्हता. पडद्यावरच्या खिडक्या एकेक करून मिटायच्या, मग खुर्चीतून उठून भिंतीवरचं बटण खट्कन दाबायचं आणि "चला, झोपला," म्हणायचं, ही त्यांची पद्धत. असं करू नका, डिस्क खराब होते, म्हणून मी कितीदा सांगितलं. "बरं मॅडम," म्हणायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आणि अशा माणसाच्या एका शब्दावर आमचं अख्खं सॉफ्टवेअर बाहेर पडायचं. माझ्या नाही, त्यांच्या. ते सॉफ्टवेअर मी जन्माला घातलं होतं, हे इथंच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी आवर्जून सांगेल असा भरवसा मला उरलेला नाही.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'कपाट'. छोट्या गावांतल्या वाचनालयांसाठी ते लिहिलं. कुठलं पुस्तक कोणाकडे गेलं, कधी परत आलं, कोणाकडे अडकून पडलंय, एवढं सगळं त्यात कळतं. वापरायला फुकट आणि त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा, बदलावा, असं खुलं. ज्याला ओपन सोर्स म्हणतात ते. पगार कोणालाच नाही, सगळी हौसेची मंडळी. मी नाशिकच्या एका कंपनीत नोकरी करून उरलेल्या वेळात कोड लिहायचे. सिन्नरच्या कॉलेजात शिकवणारे गायकवाड सर आणि कारखान्यात शिफ्ट करणारा योगेश, हे दोघंही लिहायचे. निफाडकडची वैशाली, सासरी द्राक्षबाग, ती सगळं तपासून चुका शोधायची. दर रविवारी सकाळी दहा वाजता जेल रोडच्या एका वाचनालयात आम्ही जमायचो, कारण तिथं पंखा आणि इंटरनेट दोन्ही चालायचं.

त्याच वाचनालयात कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले असायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला लाल-निळी पेन्सिल, मनगटावर घड्याळ आणि तरीही दर दहा मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर. सिन्नरच्या अलीकडच्या एका खेड्यातले. बसस्टँडवरच्या त्या जाळीच्या केबिनमध्ये बसून गाड्या सोडण्यात यांची अख्खी नोकरी गेली. कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. बोलायच्या आधी माईक तपासल्यासारखं "अंहं" करायचे आणि मग असा स्वच्छ, सानुनासिक आवाज लागायचा, की बसल्या जागी आपली पिशवी जवळ ओढून घ्यावीशी वाटायची.

तेव्हा आमची शेवटची आवृत्ती बाहेर पडून दीड वर्ष होऊन गेलं होतं. कारण मी. कारण कायम मीच. "एवढं एक झालं की सोडू," हे माझं पालुपद. ते एक झालं की दुसरं सुचायचं. बरं, मुहूर्त काढायचो तोही कसा, तर दसऱ्याचा. आणि योगेशच्या घरी झेंडूची शेती! दसऱ्याच्या आठवड्यात तो फुलांच्या क्रेट्समध्ये बुडालेला, फोन लागायचा नाही. तिकडे वैशाली ऑक्टोबर छाटणीत अडकलेली. आम्ही दोन वर्षं लागोपाठ हा घोळ घातला आणि दोन्ही वेळा एकमेकांवर चिडलो. असंच एका रविवारी आमचं भांडण रंगलेलं असताना कोपऱ्यातून "अंहं" ऐकू आलं.

"मधी बोलतो, माफी असावी. तुमचं जीपसारखं झालंय."

"म्हणजे?" मी म्हणाले.

"सिन्नरला जीप लागते ना, ती भरल्याशिवाय सुटत नाय. अजून एक सीट, अजून एक सीट. जो पहिला येऊन बसला तो बिचारा घामानं निथळतो. आमचा लाल डबा बघा. चार माणसं असोत का चाळीस, वेळ झाली की सुटला. राहिला तो पुढच्या गाडीनं येतो. पण पुढची गाडी कधी हाय ते त्याला ठाऊक असतं, म्हणून तो भांडत नाय."

योगेश हसला. वैशाली हसली. गायकवाड सर तर टाळी द्यायला पुढे झाले. मी हसले नाही. मला चारचौघांत जीपवाली म्हणणारा हा कोण टिकोजीराव! पण पुढच्या रविवारी ते खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी बसले आणि कोणीही त्यांना उठवलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, हे मी घरी जाऊन आईला ऐकवलं. आई म्हणाली, "बिळात उजेड येत असेल तर राहू दे की." आईला माझी बाजू घ्यायची सवय कधीच नव्हती.

काकांनी काय केलं, तर भिंतीवरची एक मोठी दिनदर्शिका घरून आणली आणि टेबलावर पसरली. मला वाटलं आता कामांची यादी मागतील. मी लॅपटॉपवर सव्वाशे कामांचा तक्ता तयार ठेवला होता, प्रत्येकाला वेगळा रंग दिलेला. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिलीचं निळं टोक काढून वैशालीला विचारलं, "पोरी, बागंची छाटणी कधी? काढणी कधी? माहेरी लग्न-बिग्न?" मग योगेशला, "तुझी रातपाळी कुठल्या हप्त्यात? झेंडू कधी लावता, तोडता कधी?" मग सरांना, "पेपर तपासायचे गठ्ठे कधी येत्यात?" तासभर हेच. सासूबाईंचा गुडघा, भाचीचं बारसं, गावची जत्रा, सगळं निळ्या पेन्सिलीनं चौकटीत जाऊन बसलं. मी बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ही काय प्रकल्पाची बैठक आहे का सोयरीक जमवताय?

शेवटी माझ्याकडे वळले. "मॅडम, आपल्याकडे काय?"

"माझं काही नाही," मी ताठ मानेनं म्हणाले. "मला कसलीच अडचण नसते. मी कायम मोकळी."

"उत्तम," ते म्हणाले. पेन्सिल फिरवली आणि लाल टोकानं दोनच तारखांभोवती गोल केला. जुलैचा तिसरा रविवार आणि डिसेंबरचा दुसरा. "या दोन जागा मोकळ्या दिसतात. वर्षाला दोन गाड्या. सकाळी अकरा वाजता. गाडी भरली म्हणून सुटणार नाय, वेळ झाली म्हणून सुटंल."

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, पण माझ्या आली. बाकी सगळ्यांशी ते आपल्या गावच्या बोलीत बोलायचे. हाय, नाय, लय, पोरी, बाळा. माझ्याशी बोलताना मात्र माईकवरचं मराठी. "मॅडम, कामाची स्थिती काय आहे?" जणू मी फलाट क्रमांक तीन. मला मान देत होते म्हणा हवं तर. मला तो मान नको होता. वैशालीला "जेवलीस का गं?" आणि मला "स्थिती काय आहे?" हे ऐकून मी आतल्या आत धुमसायचे आणि वरून अगदी शुद्ध उत्तर द्यायचे. "समाधानकारक आहे."

काकांचा दुसरा नियम फाटकाचा. गाडीच्या रविवारआधी दोन आठवडे, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता फाटक बंद. त्यानंतर कोडमध्ये नवीन काही चढवायचं नाही. टायरात हवा कमी असेल तर भरा, म्हणजे दुरुस्त्या करा, पण टपावर नवं सामान नाही. "का?" मी मुद्दाम विचारलं. मला कारण माहीत होतं, जगभर असंच करतात, मी वाचलेलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, शेवटच्या घटकेला चढवलेलं सामानच घाटात खाली पडतं." आणि योगेश म्हणाला, "काय बोलले काका!" अरे, हेच मी तीन वर्षांपूर्वी तुला लेख पाठवून सांगितलं होतं, योगेश! पण मी सांगितलं की लेख, काकांनी सांगितलं की सुविचार.

आणि गाड्या सुटायला लागल्या. हेच माझं खरं दुखणं. जुलै, डिसेंबर, जुलै, डिसेंबर. अकरा म्हणजे अकरा. काका आधी पाच मिनिटं उठून उभे राहायचे, शर्ट खाली ओढायचे, "अंहं" करायचे आणि आमच्या त्या पाच माणसांच्या खोलीत घोषणा द्यायचे. "कपाट, नवी आवृत्ती, निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला मार्गे सर्व वाचनालयांकडे जाणारी, फलाटावरून सुटत आहे!" मग मी बटण दाबायचे. बटण मी दाबायचे, पण टाळ्या घोषणेला. मग ते कागदात बांधून आणलेला भेळभत्ता उघडायचे, वरून कांदा चिरायचा तोही योगेशनं नाही, मी.

त्यांच्या फोनचंही तसंच. दर गुरुवारी दुपारी प्रत्येकाला फोन. काम कुठवर आलं, हे एकदाही विचारायचे नाहीत. जेवण झालं का, पाऊस कसा, सासूबाई चालायला लागल्या का. आणि समोरचा आपण होऊनच सांगायचा, "काका, ते राहिलेलं रविवारपर्यंत देतो." मी दहा मेसेज टाकून जे काम निघायचं नाही, ते या माणसाच्या एका "भाकर खाल्ली का"नं निघायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंटही मिळावा आणि शेळ्यांनी आपण होऊन रांगेतही यावं, याला काय म्हणायचं! गावोगावचे ग्रंथपालसुद्धा मला ईमेल करायचे सोडून त्यांनाच फोन करू लागले. एकदा एका ग्रंथपालानं माझ्यासमोर विचारलं, "काका, हे कपाट तुम्हीच काढलं ना?" काका म्हणाले, "छे, गाडी मॅडमची. मी फक्त सोडतो." तेवढ्यानंही माझं समाधान झालं नाही. ते म्हणाले म्हणून त्याला कळलं, हे मला टोचत राहिलं.

मग माझ्या डोक्यात शोध आला. म्हणजे 'कपाटा'तला शोध. पुस्तकाचं नाव अर्धवट आठवत असेल, लेखक भलताच सांगितला असेल, तरी हवं ते पुस्तक आणि ते आत्ता कोणाकडे आहे, हे सापडलंच पाहिजे, असं काहीतरी मी लिहायला घेतलं. ते एकटीनं. कोणाला हात लावू दिला नाही. जुलैच्या गाडीत हे जाईल, असं मी साऱ्या वाचनालयांना परस्पर कळवूनही टाकलं. त्या रविवारी घोषणा कोणाचीही असो, टाळ्या माझ्या असतील, हे मी ठरवलं होतं. लपवून काय उपयोग, मला ते पुस्तकं शोधणाऱ्यांसाठी कमी आणि काकांसाठी जास्त करायचं होतं.

जूनच्या मध्यावर आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन, दवाखाना, मग घरी पलंग, भांडं, औषधं, रात्रंदिवस तेच. भाऊ परदेशात, मी एकटी. दोन आठवडे मी कोडची एक ओळ लिहिली नाही आणि ग्रुपवर कोणाला एक शब्द सांगितला नाही. गुरुवारी काकांचा फोन आला. "मॅडम, स्थिती काय आहे?" मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. म्हणाले, "समाधानकारक आहे." सांगितलं असतं तर काय झालं असतं? वैशाली डबा घेऊन आली असती, योगेश रात्री बसायला आला असता. पण इतकी वर्षं "मला अडचण नसते" म्हणून मिरवलं होतं. आता सासूबाईंच्या गुडघ्याशेजारी माझ्या आईचा खुबा लिहून घ्यायचा आणि त्या बदल्यात सवलत मागायची? तीही त्यांच्याकडे? मेले तरी नाही.

शुक्रवारी पाचला फाटक बंद झालं आणि माझा शोध बाहेरच राहिला. आठवडाभरानं, एका शनिवारी दुपारी आई झोपलेली असताना मी तो घाईघाईनं पुरा केला. मुख्य कोडच्या किल्ल्या माझ्याकडे आणि गायकवाड सरांकडेच होत्या. मी माझ्या किल्लीनं फाटक उघडलं, सामान टपावर चढवलं आणि वर चिठ्ठी लावली, "छोटी दुरुस्ती". कोडमध्ये कोणी कधी काय बदललं ती नोंद बघणं काकांना जमत नाही, हे मला माहीत होतं. वैशालीचं तपासून झालेलं होतं. रविवारी अकरा वाजता घोषणा झाली, बटण दाबलं, भत्ता खाल्ला. सगळ्यांना शोध दिसला तेव्हा योगेश म्हणाला, "ताई, हे कधी चढलं?" मी म्हटलं, "वेळेत." काका भत्त्याच्या कागदाची घडी करत होते.

सोमवारी सकाळी निफाडकडच्या एका ग्रंथपालाचा फोन. "मॅडम, तुमचं कपाट म्हणतंय का गावातली समदी पुस्तकं परत आली. सरपंचांकडं दोन वर्षं पडलेलं सुदीक आलं म्हणतंय. मी फडताळात जाऊन पाह्यलं. नाय ना आलं!"

मी कोड उघडून पाहिला. शोध करताना मी पुस्तक कोणाकडे आहे ती नोंद वाचत होते, आणि वाचता वाचता ती पुसतही होते. जिथं जिथं कोणी शोध वापरला, तिथं तिथं पुस्तकं परत आल्याची नोंद होत गेली. ज्यांनी पुस्तकं दाबून ठेवली होती, ते सगळे एका दिवसात साव झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढचे दोन दिवस काकांनी एकेका वाचनालयाला फोन केला. मी समोर बसून जुनी आवृत्ती परत बसवायच्या पायऱ्या लिहून देत होते आणि ते माईकच्या आवाजात सांगत होते. "अंहं. जुलैची गाडी तांत्रिक बिघाडामुळे डेपोत परत घेण्यात आली आहे. कृपया जुन्याच गाडीत बसून राहावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पलीकडचा माणूस चिडून फोन उचलायचा आणि हसून ठेवायचा. नवी आवृत्ती बसवण्याआधीच्या नोंदींची प्रत सगळीकडे शाबूत होती, एकेक करून सगळं रुळावर आलं. म्हणजे माझी चूक निस्तरतानाही कौतुक त्यांचंच.

पुढच्या रविवारी वैशालीनं विषय काढला. "मी तपासलं तेव्हा सगळं नीट होतं. मग नंतर हात कोणी लावला?" गायकवाड सरांनी मान खाली घातली. त्यांनी नोंद पाहिली होती हे मला कळलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका बोलले.

"गाडी मी सोडली. सोडायच्या आधी टपाकडं बघायचं काम कंट्रोलरचं. मी बघितलं नाय. चूक माझी."

बघितलं नाही! त्यांना बघता येत तरी होतं का? त्या क्षणी मला इतका राग आला की विचारू नका. माझं सॉफ्टवेअर घेतलं, माझी माणसं घेतली, आता माझी चूकसुद्धा हा माणूस माझ्या वाट्याला येऊ देत नाही. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "चूक यांची नाही. मी टाकलं ते. फाटक बंद झाल्यावर, खोटी चिठ्ठी लावून."

  काकांनी खिशातली पेन्सिल काढली, निळं टोक दिनदर्शिकेवर टेकवलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, घरी काय होतं?"

मला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. आई पलंगावर आहे, मी थकलेय, मला दोन आठवड्यांत सलग चार तास झोप नाही. पण ते "मॅडम" ऐकलं आणि मान पुन्हा ताठ झाली. "काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल तशीच थोडा वेळ धरून ठेवली. मग खिशात परत ठेवली.

त्या डिसेंबरच्या गाडीनंतर काकांनी दिनदर्शिकेचं नवं पान टेबलावर पसरलं आणि पुढच्या जुलैच्या रविवारभोवती नेहमीसारखा लाल गोल केला. मग त्याच गोलात स्वतःचं नाव लिहिलं. "या गाडीनंतर मी उतरणार. पोरगी कोल्हापूरला बोलावते हाय. घरवाली गेल्यापासून घरी करमत नाय." आम्हाला वाटलं, म्हणतात तसं. कोण सात महिने आधी निरोपाची तारीख काढतं? पण जुलै आला, अकराला घोषणा झाली, भत्ता खाऊन झाला आणि काका उठून पिशवी घेऊन निघाले. दुपारी तीनची गाडी होती. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो. वैशाली बेदाण्यांचा पुडा घेऊन धावत आली तेव्हा गाडी फाटकातून वळत होती. काकांनी खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडले, "पळू नकोस पोरी, पुढच्या गाडीनं पाठव!"

मी वेळेवर पोचले होते. मला काय मिळालं, तर ती जुनी दिनदर्शिका, गुंडाळी करून. "मॅडम, फलाट आता आपल्याकडे." पेन्सिल दिली नाही. "ही माझ्यापाशी राहू द्या," म्हणाले. मला त्या पेन्सिलीचाही राग आला. घरी जाऊन गुंडाळी उघडली. निळ्या अक्षरांनी नुसती भरून गेलेली. वैशाली, योगेश, सर, त्यांची लग्नं, बारशी, पाळ्या, दुखणी. महिन्यामागून महिने उलटले. माझं नाव कुठंच नव्हतं. आईच्या पलंगाशी बसून मी ती पानं पुन्हा पुन्हा बघितली आणि मला त्या सगळ्यांचा, अगदी वैशालीच्या सासूबाईंच्या गुडघ्याचासुद्धा, हेवा वाटला. आईनं विचारलं, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही." मग माझं मलाच ऐकू आलं, मी कितीदा हे म्हणते ते.

त्यांच्यामागे गाडी सोडणं माझ्याकडे आलं. पहिल्या गुरुवारी मी योगेशला फोन करून विचारलं, "जेवलास का?" तो घाबरला. "ताई, तब्येत बरी आहे ना तुमची?" वैशालीनं तर आधी विचारलं, काकांना काही झालं का. आणि "काका असते तर" हे दर रविवारी एकदा तरी. मी दात-ओठ खात लाल-निळी पेन्सिल विकत आणली आणि विचारत राहिले. विचारता विचारता एक कळलं, ते असं, की योगेशचे वडील आता शेतात उभे राहू शकत नाहीत आणि म्हणून तो पाळी बदलून मागतोय. चार वर्षं मी त्याला कामाचा आळशी समजत होते.

डिसेंबरच्या गाडीसाठी मी माझा शोध नव्यानं लिहायला घेतला होता. या वेळी नीट, योगेशला दाखवत, वैशालीकडून तपासून घेत. सगळे त्याचीच वाट बघत होते. दीड वर्षापूर्वीची नाचक्की त्यानंच धुऊन निघणार होती. आणि डॉक्टरांनी आईच्या मोतीबिंदूची तारीख दिली ती नेमकी फाटकाच्या आठवड्यातली. मी दिनदर्शिका पुढे घेतली. पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसले. मग निळ्या टोकानं माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, आईचा डोळा.

रविवारी बैठकीत मी ते सगळ्यांना सांगितलं. खुब्याचंही सांगून टाकलं, दीड वर्ष उशिरा. वैशाली माझ्यावर अशी खवळली, की विचारू नका. ऑपरेशनच्या दिवशी निफाडहून डबा आला आणि योगेश रजा टाकून दवाखान्यात बसला. शुक्रवारी पाच वाजता शोध तयार होता, जवळजवळ. एक दिवस अजून मिळाला असता तर पुरा झाला असता. किल्ली माझ्याकडे होती. मी फाटक बंद केलं. शोध बाहेर राहिला.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी अकराला मी उभी राहिले. घोषणा मला काही त्यांच्यासारखी आली नाही, आवाज मध्येच चिरकला, पण बटण वेळेवर दाबलं. आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. कोल्हापूर.

"सुटली का मॅडम?"

"सुटली काका. अकरालाच."

"आणि आपलं ते सामान? शोधाचं?"

"राहिलं. पुढच्या गाडीनं येईल." मी दिनदर्शिकेवरच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदूचं. म्हणून नाही जमलं."

 पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला आणि खुर्ची सरकल्याचा.

"थांब गं पोरी, पेन्सिल घेतो," काका म्हणाले. "हां. सांग आता. कुठला डोळा?"

"डावा," मी म्हणाले.